सोलापूरला सगळंच बेल्जियम

रविवार

जुनी काच गोळा करायला सोलापूरला निघाले म्हटलं की पुण्यात लोक हसतात. सोलापूरहून चादरी आणाव्यात, शेंगाचटणी आणावी, फार तर कडक भाकरीचा गठ्ठा. काच हवी तर मुंबईचा चोरबाजार आहे की! आहे ना. पण तिथली काच आधीच कुणीतरी निवडलेली, पुसलेली आणि भाव चढवलेली असते. मला लागते ती राबलेली काच. कंदिलाच्या काचा, सोड्याच्या आणि औषधांच्या बाटल्या, पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात जपलेले पेले. ही काच गिरणगावात मिळते. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मागोमाग बाकीच्या गिरण्या आल्या आणि रोख पगारावर चालणारी हजारो घरं उभी राहिली. शेतकऱ्याच्या हातात पैसा यायचा सुगीला. गिरणीवाल्याच्या हातात तो दर महिन्याला थोडाथोडा यायचा आणि पेठेत थोडाथोडाच जायचा. आज एक कंदील, दिवाळीला दोन पेले.

संध्याकाळची हुतात्मा पकडली. बॅगेत भिंग, जांभळ्या उजेडाची अतिनील टॉर्च आणि मऊ पंचे. बाकी जागा मुद्दाम रिकामी. रात्री स्टेशनवर आत्याचा नातू स्कूटर घेऊन हजर होता. घर उत्तर कसब्यात. आत्या जागीच होती. "आलीस भंगार गोळा करायला?" म्हणाली आणि ताट वाढायला घेतलं. गाडीत जेवून झालंय हे सांगायची सोय नव्हती.

सोमवार

बाजार मंगळवारचा, त्यामुळे आजचा दिवस घरातच उकराउकरीला. आत्याचं घर जुनं, अर्धं माळवदाचं. माडीवरच्या दक्षिणेच्या खिडकीत एक बाटली कित्येक वर्षं तशीच उभी आहे. आत्याच्या सासऱ्यांच्या औषधाची. चपटी, एका अंगाला डोसाच्या रेघा काचेतच उठवलेल्या. आत्याच्या आठवणीप्रमाणे ती पांढरी होती. आज तिच्यात फिकट जांभळी झाक आहे, एखाद्या पांढऱ्या कागदावर आडवी धरली की स्पष्ट दिसणारी.

कारण साधं आहे. वाळूत लोह असतं, त्यानं काच हिरवट होते. ती हिरवट झाक मारायला जुने काचवाले मॅंगनीज घालत. वर्षानुवर्षं ऊन लागलं की तेच मॅंगनीज जांभळं होतं. सोलापूरच्या खिडकीला उन्हाची काय कमी! बाजारात मात्र कधीकधी वांग्यासारख्या गडद जांभळ्या बाटल्या दिसतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहावं. तो रंग खिडकीतल्या उन्हाचा नसतो, मुद्दाम किरणांचा मारा करून आणलेला असतो.

वयासाठी रंगापेक्षा शिवण बघावी. साच्यात घडलेल्या बाटलीच्या अंगावर दोन बाजूंना बारीक उभी रेघ असते. या बाटलीची रेघ मानेवर येऊन विरते, ओठापर्यंत जात नाही. म्हणजे ओठ नंतर हातानं घडवलेला. १९०३ साली अमेरिकेत ओवेन्सचं पूर्ण स्वयंचलित यंत्र आलं आणि तिथून पुढे रेघ ओठावरून आरपार जायला लागली. म्हणून परदेशी पुस्तकं वाचून आपले संग्राहक अशी बाटली दिसली की लगेच "१९०३ च्या आधीची" म्हणून मोकळे होतात. आपल्या कारखान्यांत हातानं ओठ घडवणं त्यानंतरही बरीच वर्षं चालू होतं, त्याचं काय?

बाटली मागितली. आत्या म्हणाली, "ने की, पण तुळशीला पाणी कशानं घालू?" तिला प्लॅस्टिकची एक बाटली दिली. सौदा असा झाला.

खरी मौज खालच्या काचेच्या कपाटात होती. स्टीलच्या डब्यांमागे उंच, पातळ अंगाचे चार पेले. झेंडूच्या रंगाचे, आणि उजेडात फिरवले की अंगावर तेलकट इंद्रधनुष्य सरकतं. पेला उलटा करून भिंग लावलं, तर बुडाशी रोमन अक्षरांत 'जैन'. हे फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचे.

ही चकाकणारी काच मूळची अमेरिकेची. १९०७ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियात फेंटन कंपनीनं ती काढली. साच्यातून निघालेल्या गरम काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचा, की वर रंगांचा पातळ पापुद्रा धरतो. झेंडूचा रंग लोहाच्या क्षारातून येतो. महागड्या हातकामाच्या काचेची ही गरिबांसाठी काढलेली आवृत्ती. तिकडे जत्रांमध्ये नेम लावणाऱ्याला बक्षीस म्हणून वाटली जायची. पुढे इंग्लंड, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया असं करत तिचं तंत्र आपल्याकडेही आलं. फिरोजाबादच्या पेल्यांचे आणि माशाच्या, हत्तीच्या, हाताच्या आकाराच्या फुलदाण्यांचे आज परदेशात स्वतंत्र संग्राहक आहेत.

"हे कुठून आणलेस गं?"

"गड्ड्यावरनं. ह्यांनी रिंगा टाकून जिंकले होते. लग्न नवीन होतं तेव्हा."

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे, दुकानं आणि रिंगा टाकायचे स्टॉल लागतात, तोच गड्डा. अमेरिकेतल्या जत्रेची काच सोलापूरच्या जत्रेतही बक्षीसच होऊन आली, हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसले. नातू म्हणाला, "मावशी, आता रिंग टाकली की साबण मिळतो." ते चार पेले मी मागितले नाहीत. मागितले असते तर आत्यानं दिले असते, म्हणूनच.

संध्याकाळी सिद्धेश्वराचं दर्शन, तळ्याकाठी फेरी. गड्डा संपून थोडेच दिवस झाले होते, पाळण्यांचे सांगाडे अजून उतरवत होते. येताना एका जुन्या सोड्याच्या दुकानात शिरलो. गोटी सोडा. दुकानदाराकडे लाकडी खणात बाटल्या उभ्या, बहुतेक नव्या. पण मागच्या रांगेत चार-पाच जाड, समुद्री रंगाच्या, आत बुडबुडे अडकलेल्या.

या बाटलीची अक्कल मला अजूनही थक्क करते. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. गळ्यात काचेची गोटी, ओठाच्या आत रबराची कडी. भरताना बाटली उलटी करतात. वायूचा दाब गोटीला रबरावर घट्ट बसवतो. म्हणजे जो वायू बाहेर पळायला बघतो तोच स्वतःचं दार लावून घेतो. बूच नको, तार नको. गळ्याला एका बाजूला दोन खळगे असतात. ते खाली ठेवून ओतलं की गोटी त्यात अडकून राहते आणि वाट अडवत नाही. आपण लहानपणी हे न कळताच करत होतो. विलायतेत मुलं गोटीसाठी बाटल्या फोडायची, म्हणून तिथे जुन्या धड बाटल्या कमी उरल्या. आपल्याकडेही मुलांनी कसर ठेवलेली नाही.

जुन्यांपैकी एका बाटलीवर कंपनीचं नाव झिजून नुसते उंचवटे राहिले होते. खांद्यावर आणि बुडाशी पांढरट घासल्याचे पट्टे. वर्षानुवर्षं दुसऱ्या बाटल्यांना घासत खणात उभी राहिलेली बाटली अशीच दिसते, आणि हे पट्टे खोटे करणं अवघड आहे. खोटं करणारा सगळीकडे सारखंच घासतो.

"ही देता का?"

"रिकामी कशी देऊ ओ? सोडा पिऊन द्या, मग बघू."

आम्ही दोघांनी सोडा प्यायला. मग त्यानं दीडशे मागितले आणि मी दिले. नातवाला हे पटलं नाही, घरी येईपर्यंत तो मला घासाघीस शिकवत होता.

मंगळवार

जोडभावी पेठेकडच्या मंगळवार बाजारात सकाळी लवकर पोचलो. जमिनीवर ताडपत्र्या, त्यावर नळाच्या तोट्या, सायकलच्या चेन, मोबाइलचे चार्जर, घड्याळांचे कोथळे, पितळी समया आणि मध्येच काच. इथे कोणी काच विकायला बसत नाही. घर पाडलं की जे निघतं ते सगळं येतं, त्यात काच असते. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात ऐकू येतात.

आणि या सगळ्या भाषांत एक शब्द समान: बेल्जियम.

आरसा बेल्जियम. दिव्याचा गोळा बेल्जियम. लोणच्याची बरणी बेल्जियम. एका ताडपत्रीवर बोरोसिलचा ग्लास होता, त्याच्या बुडावर नाव असूनही तो बेल्जियम. "लई जुना माल हाय ताई, मी स्वतः वाड्यातनं काढून आणलो." या खुळाला मुळात आधार आहे, नाही असं नाही. एकोणिसाव्या शतकात बेल्जियम काचेचा मोठा निर्यातदार होता आणि व्हाल सां लांबेर हा १८२६ चा कारखाना बिलोरी काचेसाठी जगभर नावाजलेला. पण जेवढा बेल्जियम महाराष्ट्राच्या बाजारात आहे तेवढा बेल्जियममध्ये तरी असेल का?

आरशाची मागची बाजू बघितली. तपकिरी रंग फासलेला, म्हणजे चांदीचा मुलामा. त्याआधीचे आरसे कथील आणि पाऱ्याचे असत, त्यांच्या मागे रंग नसतो आणि प्रतिमा किंचित राखाडी दिसते. चांगला आरसा होता, पण स्कूटरवरून नेणार कसा? सोडला.

पुढच्या ताडपत्रीवर चाचांकडे एक सुरई होती, चकचकीत. इतकी चकचकीत की संशय यावा. आतून बोट फिरवलं तर तेलकट. काच आजारी पडली की पांढुरकी होते, कारण पाण्यानं तिच्यातला क्षार झिजवून पृष्ठभागच खाल्लेला असतो. तो धुऊन जात नाही. तेल चोळलं की तेवढ्यापुरता लपतो. सोलापूरच्या जड पाण्याचा पांढरा थर वेगळा, तो लिंबानं किंवा व्हिनेगरनं निघतो. दोन्हींतला फरक दुकानात कळायला हवा, म्हणून मी नेहमी कोरड्या पंच्यानं आतून पुसून बघते. चाचा हसले. "हौ, तेल है. तुमको मालूम है तो लेव नक्को." भांडण नाही, राग नाही. पुढे व्हा.

एका खोक्यात बटणांचा पुठ्ठा मिळाला. काचेची काळी बटणं, अर्धी गेलेली, आणि पुठ्ठ्यावर इंग्रजीत चेकोस्लोव्हाकिया. तो देश १९१८ च्या ऑक्टोबरात जन्माला आला, त्यामुळे पुठ्ठा त्यानंतरचा, हे उघड. त्या भागातल्या याब्लोनेत्स गावातून बटणं, मणी आणि खास हिंदुस्थानासाठी घडवलेल्या बांगड्या बोटी भरभरून यायच्या. वीस रुपये.

त्याच खोक्यात तळाला मिठाची छोटी वाटी होती, पिवळट हिरवी, कडेला करवतीचे दात. चाळीस रुपये देऊन ती आधी माझी केली आणि मग छत्रीच्या अंधारात टॉर्च मारली. वाटी कच्च्या कैरीसारखी हिरवीगार पेटली. युरेनियम. बोहेमियात योझेफ रीडेलनं १८३० च्या दशकात अशी पिवळी आणि हिरवी काच काढली आणि बायकोच्या नावावरून त्या रंगांना आना हे नाव दिलं. पुढे अनेकांनी ती केली. प्रमाण अत्यल्प असतं, कपाटात ठेवायला भीती नाही. मी तिच्यातून मीठ मात्र खाणार नाही.

टॉर्च विकत घेतल्यावरच लावायची हा माझा जुना नियम. पण या खेपेस एक नवीनच प्रकार झाला. शेजारच्या पोरानं बघितलं आणि पाच मिनिटांत माझ्यासमोर रांग लागली. "आमचंबी बघा की ओ." कोणी अत्तराची कुपी आणली, कोणी दौत, एकानं टीव्हीची काच आणली. एका बाईनं हातातल्या हिरव्या बांगड्याच पुढे केल्या. एक बाटली मंद, मळक्या हिरव्या रंगात उजळली. ते मॅंगनीज, त्याला युरेनियमचा झळाळ नसतो, असं सांगितलं तर मालक म्हणाला, "थोडं तरी हाय की न त्यात?" बाकी कशातच काही निघालं नाही. मी सरकारी माणूस आहे अशी कुजबुज सुरू झाल्यावर नातवानं मला तिथून हलवलं.

दिवसाची खरी वस्तू अगदी शेवटी मिळाली. गंजलेला कंदील, काच धड. "जर्मन हाय. पाचशे." टाकीवरची माती बोटानं पुसली, खाली अक्षरं उठवलेली: ओगले.

मी त्याला सांगितलं की हा जर्मनीचा नाही, कराडजवळचा आहे. ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये औंध संस्थानच्या मदतीनं तिथे काचकारखाना काढला आणि पुढे त्यांचा 'प्रभाकर' कंदील घराघरात गेला. त्याच्या आधी तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंडाचा कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. टिळकांनी ती उचलून धरली. काचकामासाठी माणसं तयार करणारी ती शाळाच होती. ज्या सोलापूरनं १९३० मध्ये मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ ला चार माणसं फाशी गेलेली पाहिली, त्या गावातल्या कोणीतरी हा कंदील विलायती सोडून मुद्दाम घेतला असेल, असं मला आपलं वाटतं. पुरावा काही नाही.

दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. चेहरा पडला. "कराडचं व्हय? मग द्या दोनशे."

मी पाचशेच दिले. नातवानं कपाळाला हात लावला. आतली काच मूळचीच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कंदिलाची काच फुटते आणि बदलली जाते. टाकीवरचं नाव टाकीपुरतंच.

बुधवार

आत्याच्या ओळखीनं बाळीवेशीकडच्या एका जुन्या वाड्यात गेलो. विकत घ्यायला नाही, नुसतं बघायला. दिवाणखान्यात तुळईला आकड्यांवर हंड्या टांगलेल्या, लाल, निळ्या, हिरव्या, आणि मध्ये झुंबर. झुंबराचे निम्मे लोलक प्लॅस्टिकचे, ते सूनबाईंनी स्वतःच सांगून टाकलं. आता हंड्यांत विजेचे दिवे आहेत. पूर्वी हंडीत आधी पाणी, त्यावर तेल आणि तेलावर तरंगती वात असायची. तेल संपलं की खालच्या पाण्यानं वात विझे, काच तडकत नसे. निळ्या हंडीत कोबाल्ट आहे. गर्द लाल रंग सोन्याचा असू शकतो, पण तो ओळखायला हंडी खाली घ्यावी लागली असती आणि ते विचारायचं धाडस झालं नाही.

घरातले आजोबा म्हणाले, "पेशवाईतल्या आहेत ह्या. आमच्या खापरपणजोबांना बक्षीस मिळालेल्या." सूनबाईंनी शिडीवर चढून एका हंडीची पितळी कडी पुसायला घेतली आणि मला वर बोलावलं. काठाजवळ आम्लानं उमटवलेला बारीक लंबगोल शिक्का: चेकोस्लोव्हाकिया. पेशवाई बुडाली १८१८ ला. हा देश निघाला १९१८ ला. बरोबर शंभर वर्षांचं अंतर.

मी खाली उतरले आणि "फार सुंदर आहेत" एवढंच म्हणाले. सूनबाई माझ्याकडे बघून हसल्या. त्यांनी तो शिक्का आधीच वाचलेला असणार. त्या हंड्या दरवर्षी दसऱ्याआधी रिठ्याच्या कोमट पाण्यात एकेक करून धुतात, गरम पाणी कधीच नाही. कुठल्या वस्तुसंग्रहालयात यापेक्षा चांगली निगा राखत असतील असं मला वाटत नाही.

निघताना शेंगापोळी मिळाली. त्याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल.

दुपार बांधाबांधीत. या बाबतीत सोलापूरसारखं गाव नाही. चाटी गल्लीतून टॉवेल घेतले, जाड टर्किश. प्रत्येक वस्तू स्वतंत्र गुंडाळायची, एकात एक कधी घालायची नाही. सोनेरी काम असलेल्या काचेला वर्तमानपत्र लावायचं नाही, शाई उतरते. सोड्याच्या बाटलीत कागदाची सुरळी सारली, नाहीतर गोटी पुण्यापर्यंत आतून ठोके देत बसते. कंदिलाची काच वेगळी, सांगाडा वेगळा. चादर घेतली नाही म्हणून आत्या रागावली, मग एक चादरही घेतली.

गुरुवार

सकाळी साडेसहाची हुतात्मा. बॅग मांडीवर, चटणीचं पुडकं पायाशी. स्टेशनवर नातवानं एक चिठ्ठी हातात दिली. मंगळवारच्या त्या रांगेतला दौतवाला काल संध्याकाळी घर शोधत आला होता म्हणे. बार्शीला त्याच्या मेहुण्याच्या गल्लीत औषधांचं एक जुनं दुकान आहे, मागच्या खोलीत निळ्या बाटल्यांची खोकी पडली आहेत. सहा कोनांच्या, अंगावर उभ्या कंगोऱ्याच्या. म्हणजे विषाच्या. अंधारातही हाताला कळावं म्हणून त्यांना कंगोरे ठेवत. दुकान पाडून तिथे गाळे होणार आहेत, पावसाळ्याच्या आत. चिठ्ठीच्या खाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय: "माल बेल्जियम आहे."